मीटरला पटलेली अर्थिंग बर्स्टला पटत नाही

प्रश्न : आमच्या कारखान्यात विहिरीवरील मोटारीसाठी ऑटोमॅटिक स्टार्टर तयार होतात. पाणीपातळीच्या सेन्सरची केबल कपॅसिटिव्ह क्लॅम्पमध्ये (तारेला थेट न जोडता बाहेरून झटका देणाऱ्या साच्यात) ठेवून १ किलोव्होल्टचा बर्स्ट, म्हणजे चाचणीसाठीची अतिवेगवान पल्सची माळ, दिला की मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो. अर्थिंगची वायर मीटरवर ०.२ ओहम दाखवते, तरी ऑसिलोस्कोपवर जिथे प्रोब लावावा तिथे काटे (क्षणिक टोकदार उसळ्या) दिसतात. दोष कुठे शोधावा?
– एक वाचक, वाळूज

उत्तर : आधी ऑसिलोस्कोपचीच परीक्षा घ्यावी. प्रोबचे टोक त्याच्याच अर्थ क्लिपला जोडून बर्स्ट द्यावा. तरीही काटे दिसले, तर ते सर्किटमधले नसून क्लिपच्या वायरच्या वेढ्याने उचललेले आहेत, आणि तोवर त्या पडद्यावरून काहीही ठरवू नये.

बर्स्टमधील प्रत्येक पल्स सुमारे ५ नॅनोसेकंदांत चढतो. १ किलोव्होल्ट इतक्या वेगाने चढला, तर अवघ्या १० पिकोफॅरडमधूनही सुमारे २ अँपिअरचा झटका जातो, आणि क्लॅम्प व केबल यांच्यातील कपॅसिटन्स तर याहून कितीतरी मोठा असतो. हा प्रवाह सेन्सरच्या केबलवरून कार्डात (सर्किट बोर्डात) शिरतो आणि जमिनीकडे परतण्याची वाट शोधतो. आपल्या मीटरचा ०.२ ओहम खरा आहे, पण तो डीसीपुरता. अर्थिंगची वीतभर हिरवी वायर म्हणजे सुमारे ०.२ मायक्रोहेन्रीची कॉइल, आणि कॉइल वेगाने बदलणाऱ्या प्रवाहाला अडवते. तिच्यावर या झटक्याने ८० व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो आणि कार्डाचा ग्राउंडच तेवढा उचलला जातो.

म्हणून ती वायर काढून रुंद, आखूड तांब्याची पट्टी लावावी आणि बोल्टखालचा रंग खरवडावा. केबलची शील्ड (तारांभोवतीची धातूची जाळी) पिळून एका स्क्रूखाली दाबली असेल, तर ती पिळलेली शेपटीही कॉइलच ठरते; शील्ड धातूच्या ग्लँडमध्ये (केबल पेटीत शिरते तिथल्या कड्यात) चहूबाजूंनी घट्ट धरावी. पेटी प्लॅस्टिकची असल्यास कार्डाखाली पत्रा घालून, केबल आत येते तिथेच प्रत्येक तारेवरून त्या पत्र्यावर १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर द्यावा. सेन्सरचा सिग्नल संथ असल्याने त्याला याचा त्रास होत नाही. रीसेट पिनवर कपॅसिटर चढवून परीक्षा पार पाडणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ती मलमपट्टी वाटते, कारण शेतावर हाच स्टार्टर कॉन्टॅक्टरच्या (मोटार चालू-बंद करणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या) शेजारी बसतो आणि कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना असाच बर्स्ट रोज मिळतो.

एवढे करूनही रीसेट होत असेल, तर सेन्सरची केबल क्लॅम्पबाहेर काढून बर्स्ट द्यावा. दोष तरीही उमटला, तर वाट सप्लायच्या केबलची आहे. ती बहुधा क्लॅम्पला चिकटून पडलेली असते.