आमचा गावठी कोंबडा अंगावर धावून येतो, काय करावं?

पळू नका, लाथही मारू नका. जागेवर ठाम उभे राहा आणि संधी मिळताच पंख मिटवून त्याला काखेत घट्ट धरा, धडपड थांबेपर्यंत, म्हणजे साधारण 5 ते 10 मिनिटं. तो तुम्हाला प्रतिस्पर्धी समजतो. मागे सरलात तर तो जिंकला, लाथ मारलीत तर झुंज सुरू झाली. हे रोज, 2-3 आठवडे करा. लांब पँट आणि बूट घालूनच. पायाच्या काट्याचं फक्त टोक कानशीने बोथट करा, आत हाड असतं, खोल गेलात तर रक्त येईल. कोंबडे दोन आणि कोंबड्या चार-पाच असतील तर एक कोंबडा कमी करा; एकाला 8-10 कोंबड्या हव्यात. मात्र घरात लहान मुलं असतील तर सुधारण्याची वाट पाहू नका, आजच वेगळा कोंडा. त्याची चोच आणि काटे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.