‘मला काही उणे पडणार नाही’ हे तोंडातून निघेना

देव मानणारी माणसं माझ्याकडे येतात तेव्हा थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं की एक प्रश्न हमखास विचारतात. आवाज खाली जातो, दाराकडे नजर जाते आणि मग ते म्हणतात, “ताई, रोज प्रार्थना करतो, तरी जीव घाबरतो. माझा विश्वास कमी पडतोय का? कधी कधी तर देवाचाच राग येतो. हे पाप आहे का?”

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये मी समुपदेशनाचं काम करते. हा प्रश्न मी हिंदू घरांत ऐकला आहे, बौद्ध घरांत जरा वेगळ्या शब्दांत ऐकला आहे, आणि माझ्या स्वतःच्या ख्रिस्ती मंडळीत तर फार वेळा. आज सांगते ती गोष्ट मंडळीतल्या एका काकांची. त्यांना विचारून लिहिते आहे. नाव, गाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका स्वतःहून आले नव्हते. काकूंनी त्यांना आणलं. काका खुर्चीवर बसले आणि काकू उभ्यानंच म्हणाल्या, “दीड महिना झाला ताई, यायनं शास्त्र उघडलं नाही.”

शास्त्र म्हणजे आमचं बायबल. हे वाक्य किती जड आहे ते कळायला काकांची आधीची सकाळ माहीत हवी. वय एकसष्ट, पाच एकर वावर, मंडळीत पंच. पहाटे पाचला उठून ओसरीवर बसायचं आणि एक स्तोत्र मोठ्यानं वाचायचं, हा त्यांचा तरुणपणापासूनचा नेम. शेजारचं कुटुंब ख्रिस्ती नाही, पण त्या घरातली पोरं काकांच्या आवाजावर शाळेसाठी उठायची. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, म्हणजे वर्षातून दोनदा पूर्ण वाचून वर काही उरायचं. असं चाळीस वर्षं.

त्या वर्षी पाऊस लवकर येऊन दडी मारून बसला. दुबार पेरणी झाली. सोयाबीन कसंबसं उभं राहिलं, तर शेंगा भरायच्या आतच वावर पिवळं पडलं. पिवळा मोझॅक. पांढरी माशी हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि एकदा झाड पिवळं पडलं की ते बरं करणारी फवारणी नाही. पुण्याला कंपनीत असलेला मुलगा म्हणाला, “वावर इका आता.” त्यावरून शब्दाला शब्द लागला आणि फोन बंद झाला. मग एका रविवारी उपासनेत काकांना तेविसावं स्तोत्र वाचायला सांगितलं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ एवढं वाचलं आणि पुढचं ‘मला काही उणे पडणार नाही’ तोंडातून निघेना. ते तसेच खाली बसले.

त्यानंतर माणसं घरी येऊ लागली. कुणी म्हणालं, उपास करा. कुणी म्हणालं, घरात कुठलं तरी पाप लपलेलं असेल, ते कबूल करा. एकानं तर स्पष्ट सांगितलं की पंचाचाच विश्वास डळमळला तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं. ही माणसं दुष्ट नव्हती. पण मला बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे तीन मित्र आठवतात. त्याचं दुःख पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर त्यांच्याइतके चांगले मित्र नव्हते. नंतर त्यांनी तोंड उघडलं.

पहिल्या भेटीत मी शास्त्राचं नाव काढलं नाही. झोपेचं विचारलं. रात्री दोनला जाग येते, मग उजाडेपर्यंत डोळे उघडे. भाकरी अर्धी होत नाही. बैलाला पाणी पाजायलाही उठवत नाही. मी काकूंना जरा बाहेर बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं, “काका, मरून जावं असं मनात येतं का?”

हा प्रश्न विचारायला लोक घाबरतात. विचारल्यानं मनात नसलेला विचार शिरेल असं वाटतं. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. काका बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “दोन डाव आला विचार. देवाले सांगाची बी लाज वाटली.”

त्या संध्याकाळी दोन गोष्टी झाल्या. घरातले फवारणीच्या औषधाचे डबे पुतण्यानं उचलून आपल्या घरी कुलपात ठेवले. आणि पुढचे काही दिवस काकांना एकटं सोडायचं नाही, हे काकूंनी आणि पुतण्यानं वाटून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नैराश्य असल्याचं सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

येताना एसटीत काका म्हणाले, “गोळी खाल्ली म्हणजे देवावर भरवसा नाही, असंच झालं ना जी?”

मी विचारलं, “पेरायच्या आधी बियाण्याला बीजप्रक्रिया करता?”

“करतो.”

“मग पावसासाठी प्रार्थना करायचं सोडता का?”

ते काही बोलले नाहीत, पण गोळी सुरू झाली. बायबलमधल्या एलीयाची गोष्टही मी त्यांना सांगितली. तो संदेष्टा एका झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागत होता. देवानं त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक आणि कामातलं लक्ष गेलेलं माणूस तुमच्या घरात असेल, तर त्याला विश्वासाबद्दल काही सांगायच्या आधी डॉक्टरकडे न्या. जायला वेळ लागणार असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार कुणी बोलून दाखवला, तर मात्र थांबू नका. त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी हालचाल करा.

तीन आठवड्यांनी झोप सुधारली. चौथ्या भेटीला मी त्यांच्या घरी गेले. काकू ओसरीच्या कडेला सुपात तूर पाखडत होत्या. मी म्हटलं, “काका, आज तेविसावं नको. तेरावं वाचा.”

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. तेरावं स्तोत्र दावीद राजाच्या नावे आहे, जेमतेम सहा वचनांचं. सुरुवातच अशी की देवा, तू मला कोठवर विसरणार. माझ्यापासून कोठवर तोंड लपवणार. मूळ इब्री, म्हणजे हिब्रू पाठात पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ चार वेळा येतं. हे मला पुस्तकातून नंतर कळलं, आधी कानावर पडलं. यवतमाळला १९५३ ते १९८३ बायबलचं मोठं विद्यालय होतं, युनियन बिब्लिकल सेमिनरी. पुढे ते पुण्याला गेलं. माझे वडील तिथे कामाला होते. इब्री शिकणारी मुलं आवारातल्या झाडाखाली घोकत बसायची आणि आम्ही लहान मुलं अर्थ न कळता त्यांच्यामागे म्हणायचो.

काकांचा आवाज तिसऱ्या ‘कोठवर’पाशी फाटला. चौथं त्यांनी हळू वाचलं. पुस्तक मांडीवर ठेवून म्हणाले, “हे इतकं होतं का यात?”

“चाळीस वर्षं वाचताय तुम्ही.”

“वाचलं असन. पन सहाव्या वचनाकडं पळत असन मी. तिथं गाणं हाय ना.”

बहुतेक सगळे तिथेच पळतात, मीही पळाले आहे. आपल्या उपासनेत साक्ष द्यायला कोण उभं राहतं? ज्याचं दुखणं बरं झालं, ज्याला नोकरी लागली. ज्याचं अजून काहीच सुटलेलं नाही त्याला आपण उभं राहायला जागा ठेवलेली नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. कारण स्तोत्रसंहितेनं ती ठेवली आहे. तिच्यात विलापाची स्तोत्रं इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत. सहाव्या स्तोत्रात रडून रडून अंथरूण भिजलं आहे. अठ्ठ्याऐंशीव्यात तर शेवटीसुद्धा उजेड नाही. मूळ पाठात त्याचा अखेरचा शब्दच अंधार आहे. हे ज्यांनी जपलं, पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेतलं, त्यांना तो शेवट दिसला नसेल का? त्यांनी तो बदलला नाही.

काकांनी मग तो प्रश्न विचारला, जो खरं तर पहिल्यापासून त्यांच्या मनात होता. “पन देवावर असं रागावनं पाप नाही का? अरण्यात इस्राएल लोकायनं कुरकुर केली, तं शिक्षाच झाली ना.”

पंचाला शोभेल असाच प्रश्न होता. मी त्यांना १०६वं स्तोत्र काढायला लावलं. तिथे लिहिलं आहे की मिसरातून सुटून अरण्यात आलेल्या त्या लोकांनी आपापल्या तंबूत कुरकुर केली. तंबूत, म्हणजे एकमेकांपाशी, देवाच्या पाठीमागे. त्यांनी देवाबद्दल बोलणं सुरू ठेवलं होतं, देवाशी बोलणं सोडलं होतं. तेराव्या स्तोत्रातला माणूस त्यांच्याइतकाच चिडलेला आहे, कदाचित जास्तच. पण त्याच्या पहिल्याच ओळीत ‘हे परमेश्वरा’ आहे. तो गाऱ्हाणं घेऊन थेट दारात उभा आहे. जिथून काहीच मिळणार नाही अशी खात्री झाली, त्या दारात कोणी गाऱ्हाणं नेत नाही. मी म्हटलं, “तुम्ही दीड महिना शास्त्र उघडलं नाही. देवाचा राग आला म्हणून?”

“नाही जी. राग त्याले दिसू नये म्हनून.”

सुपाचा आवाज थांबला होता. काकू ऐकत होत्या.

मी त्यांना एक काम दिलं. वाचायचं नाही, लिहायचं. आपलं स्वतःचं स्तोत्र, आपल्या बोलीत, शास्त्राची भाषा वापरायची नाही. एक अट होती की पहिला शब्द देवाला हाक मारणारा हवा. पुढच्या भेटीत त्यांनी कृषी केंद्राच्या पावतीची मागची बाजू पुढे केली. त्यातल्या चार ओळी त्यांच्या परवानगीनं देते.

“देवा, दोन डाव पेरलं. तुले दिसत नव्हतं का?
पोरगं बोलत नाही, मी बी बोलत नाही.
लोक म्हनते माह्यात पाप हाय. असन. पन सोयाबीननं का पाप केलं?
काही तं बोल बाप्पा.”

त्यांनी विचारलं, याला शेवट काय लिहू. तेराव्यात पाचव्या वचनापासून भरवसा येतो आणि सहाव्यात गाणं येतं, तसं काही लिहावं का? मी नको म्हटलं. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये काय घडलं ते स्तोत्रात सांगितलेलंच नाही. आपण दोन श्वासांत तिकडे पोचतो. लिहिणाऱ्याला किती काळ लागला असेल कोण जाणे. तुम्ही चौथ्यावर आहात तर चौथ्यावर थांबा, पाचवं ओढून आणू नका.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. कर्ज अजून आहे. पुतण्या सोबत जाऊन बँकेत बोलून आला, एवढंच. मुलाशी बोलणं काकांनीच सुरू केलं. पहिला फोन दोन मिनिटांचा होता आणि त्यात फक्त पावसापाण्याचं बोलणं झालं. वावर विकायचं की नाही हे ठरलेलं नाही. गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यानं चालू आहेत. ‘विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्यांपैकी एक जण मध्यंतरी परत आला, ओसरीवर अर्धा तास बसला आणि काहीही न बोलता चहा पिऊन गेला. काकांना ती भेट सगळ्यात बरी वाटली.

जूनच्या पहिल्या पावसानंतर एका पहाटे साडेपाचला फोन वाजला. मी घाबरून उचलला. काका होते, आवाज मोकळा.

“ताई, तेविसाव्यात एक गंमत हाय, तुमच्या ध्यानात आली का? पयल्या तीन वचनांत सगळं ‘तो’ हाय. तो मला कुरणात बसवतो, तो मला पाण्यावर नेतो. देवाबद्दल चाललंय सगळं. मंग चौथ्यात मृत्युच्छायेची दरी येते, आन तिथं एकदम ‘तू’. कारण तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात असताना ‘तो’, दरीत उतरल्यावर ‘तू’.”

मी शास्त्र उघडून पाहिलं. इतकी वर्षं पाठ असलेलं स्तोत्र, आणि मला ते दिसलं नव्हतं.

“मग आता पूर्ण वाचता का?” मी विचारलं.

“पयलं वचन अजून निघत नाही जी,” ते म्हणाले. “पयली तीन तुमची काकू वाचते. चौथ्यापासून मी.”