झाकीर हुसेन यांना मिळालेल्या क्योटो पुरस्कारासाठी अर्ज करता येतो का?

नाही. अंबाजोगाईत तबला शिकणाऱ्या तुमच्या २० वर्षांच्या मुलीसाठी विचारलंत, पण क्योटो या जपानी पुरस्कारासाठी नावं निमंत्रित जाणकारच सुचवतात. १० कोटी येनचा हा सन्मान आयुष्यभराच्या कामाचा. झाकीरभाईंना तो २०२२ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर मिळाला.

तिनं केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती धरावी: वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. किमान पाच वर्षांच्या तालमीचा, गुरुजींच्या सहीचा दाखला आत्ताच घेऊन ठेवा. पुढं निवडीसाठी वाजवून दाखवावं लागतं. तिथं मुलं रेले (जलद बोलांच्या रचना) सुसाट वाजवतात अन् विलंबित, म्हणजे संथ, तीनतालात तिहाई (तीनदा वाजवायचा शेवटचा तुकडा) समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच संपते. रोज लेहऱ्यावर (ताल दाखवणाऱ्या फिरत्या सुरावटीवर) एकच कायदा (ठरावीक बोलांची रचना), त्याच्या पलट्यांसह, म्हणजे बोल फिरवून केलेल्या प्रकारांसह, हाताने ताल मोजत आधी बोलून घ्यायला लावा, मग वाजवायला.