उत्तर: गवती छपराचं जुनं घर, भिंतीत ओल आणि बँकेची अट

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. इंग्लंडमधल्या सफोकच्या खेड्यातलं ग्रेड टू लिस्टेड कॉटेज, लाकडी सांगाडा, गवती छप्पर, भिंतींना खाली ओल आणि बँकेचा सर्व्हेअर म्हणतोय डँप प्रूफिंग (ओल रोखायचं काम) करा मगच लोन. आमचं अगदी हेच झालं होतं. लिस्टेड म्हणजे जपायच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीतलं घर, परवानगीशिवाय त्यात बदल करता येत नाहीत. मी सर्व्हेअर नाही, वकीलही नाही, अनुभव तेवढा सांगते.

डँप प्रूफिंग म्हणून भिंतीत केमिकलचं इंजेक्शन मारून घेऊ नका. ते विटांच्या भिंतीसाठी असतं. तुमच्या भिंती म्हणजे ओकचा सांगाडा आणि मधे कूड, आपल्या कोकणातल्या जुन्या घरांना असतो तसाच, त्यात इंजेक्शन मारणार कुठे? ओल मोजायचा तो दोन पिनांचा मीटर लाकडासाठी बनवलेला आहे, प्लास्टरमधे क्षार असले तरी आकडा चढतो. आणि फुकट सर्व्हे करणारे बहुतेक इंजेक्शन विकणारेच असतात!

माझ्या मते दोष बाहेरच्या सिमेंटच्या गिलाव्याचा असणार. त्याला बारीक तडे जातात, पाणी आत शिरतं, बाहेर यायला वाट नाही, मग सगळं उतरतं तळाच्या आडव्या ओंडक्यावर, ज्याला सोल प्लेट म्हणतात. आमचा गिलावा वरून छान दिसायचा. खालचा तुकडा काढला तर ओक चहाच्या चोथ्यासारखा झालेला, स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

आता जे सगळ्यात महागात पडलं ते. सिमेंट काढून चुन्याचा गिलावा (त्यातून ओल बाहेर पडू शकते) करायला परवानगी लागते का असं काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या, कचेरीत फोनवर विचारलं, ते म्हणाले ही दुरुस्तीच आहे, करा. काम सुरू झालं, अर्धी भिंत उघडी, आणि त्याच कचेरीतले दुसरे साहेब येऊन म्हणाले थांबवा, कन्सेंट म्हणजे लिस्टेड घरासाठीची लेखी परवानगी लागेल. फोनवर कोण बोललं त्याची त्यांच्याकडे नोंदच नाही! कायद्याने विनापरवाना काम हा फौजदारी गुन्हा आहे त्यामुळे वाद घालायची सोय नाही, अख्खा हिवाळा ताडपत्री लावून काढला, मचाणाचं भाडं चालूच आणि ईमेलला उत्तर नाही. ज्यांनी ही घरं जपायची त्यांनीच उघडा ओक पावसात ठेवायला लावला, याचा राग मला अजून आहे. म्हणून तुम्ही प्रत्येक गोष्ट लेखी घ्या. अर्जाला फी नसते, निर्णयाची मुदत साधारण 8 आठवडे, पण तेवढ्यावर विसंबून गवंडी ठरवू नका. विकणाऱ्यांनी केलेल्या बदलांना परवानगी होती का तेही वकिलाकडून तपासा, कारण ते पूर्ववत करायची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते.

बँकेसाठी जुन्या इमारतींचा स्वतंत्र सर्व्हेअर गाठा, आमच्या बँकेने त्याचा रिपोर्ट मान्य केला, तुमची करेलच असं नाही. स्पॅब ही जुन्या इमारती जपणारी 1877 पासूनची संस्था आहे, त्यांच्या हेल्पलाइनवर फुकट सल्ला मिळतो, नक्की फोन करा.

छपराचं म्हणाल तर आढं साधारण 10-15 वर्षांनी नवं करावं लागतं, शेवटचं कधी केलं ते विचारा. लाकडाची शेगडी असेल तर धुराडं वर्षातून दोनदा साफ, आणि विम्याचं कोटेशन सही करायच्या आधी घ्या, साध्या कंपन्या गवती छप्पर ऐकूनच नको म्हणतात. गिलाव्याचे, खास करून जोत्याजवळचे फोटो टाकलेत तर बघून सांगते.