लाटांवर वीज तयार करणाऱ्या यंत्रातला सेन्सर किंवा झडप बिघडली तर यंत्र चालू ठेवता येतं, की बंदच करावं लागतं?

सेन्सर बिघडला तर बहुतेक वेळा चालू ठेवता येतं. झडपेचं तसं नाही. मी नियंत्रण प्रणालींवर काम करतो, त्या बाजूने सांगतो.

काही यंत्रांत लाट एका बंद कोठीतली हवा ढकलते आणि त्या हवेवर टर्बाइन फिरते. या टर्बाइनच्या वेगाचा सेन्सर गेला तरी जनरेटरचा करंट आणि व्होल्टेज यांवरून वेग काढता येतो. कंट्रोलर गणिती मॉडेलने काढलेला आकडा आणि सेन्सरचा आकडा सतत ताडून पाहतो. फरक मर्यादेबाहेर गेला की सेन्सर बाजूला सारून अंदाजावर चालतो. खरी कसोटी ही मर्यादा ठरवण्यात आहे. लाटा अनियमित, मॉडेल ढोबळ. मर्यादा कडक असेल तर धडधाकट यंत्र उगाच थांबतं, सैल असेल तर बिघाड उशिरा कळतो.

तरंगत्या यंत्रांत आणखी एक धोका असतो. जास्त वीज मिळावी म्हणून काही कंट्रोलर प्रत्येक लाटेत थोडा वेळ उलट ऊर्जा देऊन तरंगकाला, म्हणजे लाटेवर हलणाऱ्या भागाला, ढकलतात. स्थितीचा सेन्सर चुकला तर हा धक्का भलत्या वेळी बसतो आणि तरंगक टोकाला जाऊन आदळू शकतो. शंका आली की लाटेला नुसता विरोध करून वीज काढायच्या साध्या पद्धतीवर यावं. वीज कमी मिळेल, मिळू द्यावी.

झिजलेल्या भागापुढे मात्र सॉफ्टवेअरचं काही चालत नाही. पोर्तुगालमध्ये अगुसादौराजवळ २००८ मध्ये पेलामिस या कंपनीची प्रत्येकी ७५० किलोवॅटची तीन तरंगती यंत्रं समुद्रात उतरवली. बेअरिंगच्या अडचणीमुळे काही महिन्यांतच ती बंदरात परत आणावी लागली. त्यात वादळ म्हणजे काय ते पाहा: २ मीटर उंचीच्या, ८ सेकंदांच्या लाटांत दर मीटर रुंदीला साधारण १६ किलोवॅट शक्ती असते, ८ मीटर आणि १२ सेकंदांना ती पावणेचारशेच्या घरात जाते. अशा वेळी ग्रिड गेलं तर टर्बाइनवरचा भार सुटतो आणि वेग भरमसाट वाढतो. म्हणून टर्बाइनकडे जाणारी हवा अडवणारी सुरक्षा झडप वीज गेल्यावर स्प्रिंगने किंवा स्वतःच्या वजनाने मिटणारीच हवी. इथे मी तडजोड मानत नाही.

मला सर्वात पटलेली रचना स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरची, मुत्रिकूची. तिथे २०११ मध्ये ब्रेकवॉटरमध्येच, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्यातच, प्रत्येकी १८.५ किलोवॅटच्या १६ वेल्स टर्बाइन (हवा आत येवो वा बाहेर जावो, एकाच दिशेने फिरणाऱ्या) बसवल्या. एक बिघडली तर तिच्याखालची झडप मिटवून तेवढीच वेगळी करायची, बाकीच्या चालू. केरळात विळिंजमला आयआयटी मद्रासने उभारलेला १५० किलोवॅटचा प्रकल्प मात्र एकाच कोठीवर अवलंबून होता.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर लाटांचा जोर पावसाळ्यात सर्वाधिक, आणि बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात तेही तेव्हाच. त्यामुळे इथे डिझाइन करताना जूनमध्ये बिघडलेल्या भागाला सप्टेंबरपर्यंत हात लावता येणार नाही असं धरा, आणि तोवर यंत्र कमी क्षमतेवर किती तग धरेल याचं गणित कंट्रोलर लिहिण्याआधी करा.