घरी येतं, पेपरात सुचत नाही

प्रश्न : मुलगा दहावीला आहे. घरी विचारलं की धडाधड सांगतो. पूर्वपरीक्षेत बीजगणिताच्या पेपराला मात्र हात गार पडले, काही सुचेना, अर्धा पेपर कोरा. अभ्यास कमी पडतोय का?
– एक आई, सांगली

उत्तर : अभ्यास कमी नसावा, सराव वेगळा हवा. वही उघडी ठेवून वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे पाठच, असं मुलं धरून चालतात. पेपरात वही नसते. त्यात छाती धडधडू लागली की लक्ष तिकडेच जातं आणि गणिताची पुढची पायरी डोक्यात टिकत नाही.

म्हणून पेपर घरीच द्यायला लावा, पण खऱ्यासारखा. सकाळी ११ ला टेबल-खुर्ची, साधं काट्याचं घड्याळ, मोबाईल दुसऱ्या खोलीत, दोन तास जागचं उठायचं नाही. एक दिवस आड असे तीन पेपर, त्यातला एक वाचनालयात किंवा शेजाऱ्यांकडे, कारण परकी जागा हीसुद्धा भीतीचं एक कारण असते. ४० गुणांना १२० मिनिटं, म्हणजे गुणाला ३ मिनिटं. पहिल्या प्रश्नातल्या एकेका गुणाच्या उपप्रश्नांवर दहा-दहा मिनिटं गेली की शेवटी पळापळ होते, आणि हातचे गुण जातात ते तिथेच.

ऐन पेपरात सुचेनासं झालं तर पेन खाली ठेवायचं, तळपाय जमिनीला टेकवायचे, चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं सहा वेळा. एक मिनिट लागतं. मग अडलेला प्रश्न सोडून जो नक्की येतो तो लिहायचा. हात चालू लागला की बाकीचं आठवू लागतं. चौथ्या प्रश्नात तीनपैकी दोनच सोडवायचे असतात, हे त्याला आधीच सांगून ठेवा. उदाहरण पुरं होत नसेल तरी दिलेल्या किमती आणि सूत्र लिहायचंच, पायऱ्यांना गुण असतात. हे श्वासाचं रोज झोपताना करून घ्या. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा केलं तर त्याचा उपयोग होत नाही.

प्रश्न : मी रात्री दोनपर्यंत कॉफी पिऊन वाचते. सकाळी काहीच आठवत नाही.
– बारावीची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि तू झोपच कापते आहेस. कॉफीतलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनीही अंगात असतं, त्यामुळे दोनला आडवी झालीस तरी झोप वरवरची लागते. कॉफी-चहा दुपारी चारनंतर बंद. आधी उठायची वेळ पक्की कर, सकाळी ६. मग झोपायची वेळ रोज अर्ध्या तासाने अलीकडे आण, आठवड्यात साडेदहावर येशील. एकदम दहाला झोपायला जाऊ नकोस, नुसती कूस बदलत पडशील. झोपण्याआधी १५ मिनिटं पुस्तक मिटून, दिवसभराचे मुद्दे कोऱ्या कागदावर लिही. अडेल ते सकाळी पहिलं वाचायचं.

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञानला. तीन आठवडे धड जेवत नाही, मैत्रिणींचे फोन घेत नाही. ‘कमी पडले तर तोंड दाखवणार नाही’ म्हणते. टेन्शन म्हणून सोडून द्यावं का?
– एक वडील, यवतमाळ

उत्तर : नाही, सोडून देऊ नका. दोन आठवड्यांच्या वर जेवण, झोप, बोलणं सगळंच आटलं असेल तर हा परीक्षेचा नेहमीचा ताण नाही. आज संध्याकाळी तिच्याशेजारी बसा आणि सरळ विचारा : ‘जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बोलायला वाट मिळते. ‘होय’ म्हणाली तर रागावू नका, शपथा घालू नका, ऐकून घ्या. तिला एकटं ठेवू नका. घरातली औषधं आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवा. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातल्या किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं, आणि तिथे तुम्ही स्वतःसाठीही विचारू शकता.

‘नाही’ म्हणाली तरी चार-पाच दिवसांत डॉक्टरांना दाखवाच. आणि निकालाचं बोलणं निकालाआधीच करा. विषय राहिला तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, गुण कमी वाटले तर श्रेणीसुधारची, म्हणजे पुन्हा परीक्षा देऊन गुण वाढवायची सोय आहे, हे कागदावर लिहून तिच्यासमोर ठेवा. त्या कागदावर पहिली ओळ तुमच्या हाताने लिहा : निकालाच्या दिवशी मी घरी असेन.