जंजिरा कुठे पळून जातोय?

प्रश्न : आम्ही तिघे कॉलेजपासूनचे मित्र, आता पन्नाशीला टेकलेलो. दसऱ्याला एक २६ फुटी शिडाची बोट घेतली. सेकंडहँड, फायबरची, आत १० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. सध्या मुंबई बंदरात मुरिंगला (पाण्यातल्या कायमच्या बोयाला बांधलेली) आहे. तिघांनी आठवडाभराचा डिंगीचा (छोट्या शिडाच्या होडीचा) कोर्स केलाय, बाकी अनुभव शून्य. नवीन गाद्या, जीपीएस, सोलर पॅनेल अशी यादी तयार आहे. डिसेंबरात पहिलीच सफर मुरूड-जंजिऱ्याची करायचा बेत आहे. आधी काय काय करून घ्यावं? शिवाय माझ्या आईला डेकवर नारळ वाढवायचाय. चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नारळापासून सुरुवात करतो, कारण माझं तेवढंच उत्तर तुम्हाला आवडेल. जरूर वाढवा, पण जेट्टीच्या दगडावर. डेकवर आपटलात तर जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या कडक लेपाला, तडा जाईल आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच पाणी आत शिरेल. पाणी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, शिंपडा, खोबरं आईंच्या हातून वाटा.

आता गाद्या. नवीन घेऊ नका, आहेत त्याही काढून घरी न्या. गाद्या निघाल्या की खालच्या फळ्या उचलता येतात, आणि तुमचं डिसेंबरपर्यंतचं काम त्या फळ्यांखाली आहे.

बोटीच्या बुडाला जिथे जिथे भोक पाडून पाइप जोडलाय, तिथे एक कॉक असतो, सीकॉक. संडासाचा, सिंकचा, इंजिनच्या पाण्याचा. प्रत्येक शोधा आणि हाताने उघडबंद करून बघा. जो हलत नाही तो नाहीच असं समजा. पण आत्ता पाण्यावर असताना जोर लावू नका, आधी बोट वर ओढून घ्या. वर आली की कॉकचा धातू स्क्रूड्रायव्हरने खरवडा. पिवळाधमक दिसला तर ठीक. गुलाबी, भुसभुशीत दिसला तर त्यातलं जस्त खाऱ्या पाण्याने खाल्लंय, त्या दिवशीच बदला. पाइपला दोन-दोन क्लिपा लावा आणि प्रत्येक कॉकशेजारी त्या मापाची लाकडी गुडदी (बूच) दोरीने बांधून ठेवा. गुडदी कपाटात असून उपयोग नसतो, अंधारात गुडघाभर पाण्यात ती सापडत नाही.

मग डोलकाठी. इथे स्वतःचीच फजिती सांगतो. मी एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनियर होतो, त्यामुळे माझी पहिली बावीस फुटी घेतली तेव्हा कुणाला विचारायची गरजच वाटली नाही. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तारांचे ताण असतात, ते खाली टर्नबकलने आवळतात. टर्नबकल आपोआप सैल होऊ नये म्हणून त्यात एक स्प्लिट पिन घालतात. आगपेटीच्या काडीएवढी. माझ्या उजव्या बाजूची एक पिन नव्हती. उरणसमोर दर लाटेला टर्नबकल अर्धा-अर्धा आटा सुटत गेला, आणि मी छान जांभूळपोळी खात असताना डोलकाठी डावीकडे पाण्यात. कुणाला लागलं नाही. एका कोळीदादांनी होडीमागे बांधून आम्हाला किनाऱ्याला आणलं आणि वाटेत एक अक्षर बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तर, सगळ्या पिना एकेक बोटाने चाचपा.

इंजिनचं थोडक्यात. जुनं डिझेल काढून टाकी धुवा. बंदरात गाळ टाकीच्या तळाशी शांत बसतो, बाहेर लाट लागली की तो ढवळून फिल्टर तुंबतो, म्हणजे नेमकं गरजेला इंजिन बंद. इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारा रबरी पंखा) नवा घाला, जुना स्पेअर ठेवा.

यादीत नांगर दिसला नाही. ओहोटीला २ मीटर पाण्यात नांगर टाकलात, तर उधाणाच्या भरतीला तिथे ६ मीटर होतं. नाळेची उंची १ मीटर धरा. ७ मीटरच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर साखळी सोडायला हवी. नुसती दोरी असेल तर आणखी जास्त. सोलर पॅनेलचे पैसे इकडे वळवा. भरतीची वेळ ॲपवर बघा, पण आजोबांचा हिशेबही पाठ असू द्या : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा.

राहिला जंजिरा. सरळ रेघेतसुद्धा ३५ सागरी मैलांच्या वर, म्हणजे तुमच्या वेगाने आठ-नऊ तास, आणि वाटेत डोलीची जाळी. अंधारात ती दिसत नाहीत, पंख्यात अडकल्यावरच कळतात. खरी मेख मात्र परतीत आहे. थंडीत सकाळी मतलई वारा असतो, दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा जोर धरतो. जाताना तो पाठीशी असतो, म्हणून सगळे खूश. येताना तोच तोंडावर, आणि डिंगीच्या कोर्समध्ये चार तास वाऱ्याविरुद्ध वेड्यावाकड्या चाली करत यायचं कुणी शिकवत नाही.

म्हणून पहिल्यांदा मांडवा. तेही आधी एक रात्र मुरिंगवरच झोपून. पहाटे बिल्जमध्ये, म्हणजे फळ्यांखालच्या तळात, किती पाणी जमलंय ते पट्टीने मोजा. मग दोन-तीन दुपारी बंदरातच शीड रीफ करायचा, म्हणजे आवळून लहान करायचा, सराव करा, वारा कमी असतानाच. मांडव्याला मुक्काम करा आणि परत उजाडताच मतलईवर निघा, साडेसात-आठ मैल आहेत, खारा वारा उठायच्या आत पोहोचाल. निघताना किनाऱ्यावर एकाला परतीची वेळ सांगून ठेवा. लाइफ जॅकेट अंगात, बाकाखाली नव्हे. व्हीएचएफ रेडिओ चॅनेल १६ वर, आणि तटरक्षक दलाचा १५५४ तिघांच्याही फोनमध्ये.

आईंना मात्र या फेरीला नेऊ नका. त्या पुढच्या वेळी, जानेवारीत. आणि फळ्यांखाली गुलाबी काही दिसलं तर बोट वर ओढून घ्या आणि मला फोटो पाठवा.